शेवंताचा उपास

शेवंता मामंजींना चावली तो रविवार होता. खोगिराचा तंग आवळायला ते तिच्या पोटाशी वाकले आणि तिनं मान वळवून त्यांच्या दंडाचा असा चावा घेतला की सदऱ्याची बाही फाटून रक्त आलं. मी पागेच्या दारात लीद गोळा करत होते. मला वाटलं, आता घोडीच्या पाठीवर चामड्याची वादी बसणार. तर मामंजींनी काय करावं? रक्ताळल्या हातानं कोनाड्यातला भंडारा घेतला, घोडीच्या कपाळाला लावला आणि हात जोडून तिच्यापुढं उभे राहिले. आपल्या हातून देवाचं काहीतरी चुकलंय, म्हणाले, म्हणून घोडी कोपलीय.

"कोपलीबिपली काही नाही मामंजी," मी म्हणाले. "तिचं पोट दुखतंय. तंग लागला की कळ येते तिला."

"तुला इचारलं का कुणी?"

विचारलं नव्हतंच. मला काही विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती. आमचे हे अंगणात सायकल पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुसलेलं चाक पुन्हा पुसायला घेतलं.

आता तुम्हाला आमच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई घोड्यावरून एवढी का तापलीय. आमच्या गावात खंडोबाचं ठाणं आहे. चंपाषष्ठीला देवाची पालखी निघते आणि पालखीपुढं पांढरा घोडा चालतो. त्याच्यावर खोगीर असतं, पण माणूस नसतो, कारण त्या खोगिरावर देव बसलेला असतो. तो घोडा सांभाळायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आटोळ्यांचा. आटोळे म्हणजे माझे सासरे, सयाजीराव. मान आटोळ्यांचा आणि लीद माझी, अशी ती वाटणी होती.

आणि देवाचा घोडा म्हटल्यावर त्याला उपासही देवाचे. दर रविवारी सकाळपासून दिवेलागणीची आरती होईस्तोवर गवताची काडी त्याच्यापुढं पडायची नाही. मार्गशीर्षात घट बसले की चंपाषष्ठीपर्यंत रोज तसंच, आरती झाल्यावर एकदाच काय ते खाणं. हे बघायला लांबलांबून माणसं यायची. मुकं जनावर असून उपास मोडत नाही म्हणत बाया डोळ्याला पदर लावायच्या. मोडेल कसं? तोंडाला मुसकं बांधलेलं असायचं. काथ्याचं, घट्ट, कानामागं गाठ मारलेलं. ते कुणाच्या डोळ्यांत यायचं नाही, कारण त्यावर झेंडूची माळ गुंडाळलेली असायची.

शेवंता आमच्याकडं शिंगरू म्हणून आली, माझ्या लग्नानंतर वर्षाभरात. नव्या नवरीला आणि नव्या शिंगराला त्या घरात एकाच वेळी सगळे शिकवायला लागले, काय करायचं नाही ते. तिला माझा आवाज कळायचा. मी चुलीपाशी खोकले तरी ती पागेतून फुरफुरायची. त्या वर्षी मात्र पोळ्यापासूनच तिचं काहीतरी बिनसलं होतं. भिजवलेले हरभरे पुढं ठेवले की झडप घालायची, चार घास खायची आणि मागं सरायची. मग दात करकरा खायची, जांभयांवर जांभया द्यायची, मान वळवून आपल्याच कुशीकडं बघत राहायची. भिंतीचा चुना चाटून तिनं हाताच्या उंचीपर्यंत माती उघडी केली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसायला लागल्या होत्या. आणि हे सगळं रविवारी जास्त. मी सांगून थकले. मामंजी ओवा-हिंगाचा काढा पाजायचे, भंडारा लावायचे आणि म्हणायचे, देवाचं जनावर आहे, देव बघून घेईल.

तो चावा बघितला आणि माझं डोकं फिरलं. घट बसायला आठवडाही राहिला नव्हता. एका दिवसाच्या उपासानं जी घोडी चावायला उठते, ती ते सगळे दिवस कशी काढणार होती?

दुसऱ्या दिवशी पूजेचं सामान आणायला म्हणून मी तालुक्याला गेले आणि गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन परत आले. डॉक्टर मुजावर नवीनच बदलून आलेले, तरुण, मितभाषी. त्यांच्या फटफटीवर मागं बसून मी वेशीतून आत आले, हे गावानं घोडीच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस चघळलं. चघळू दे म्हटलं. बिनकामाच्या तोंडांना काहीतरी लागतंच.

डॉक्टरांनी शेवंताच्या हिरड्या बघितल्या, दोन्ही बाजूंनी पोटाला नळी लावून ऐकलं, बरगड्यांच्या मागं हात दाबला. तशी ती कान मागं टाकून दात खायला लागली. मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारायला घेतलं. मामंजी आधी माझ्यावर डोळे वटारून होते, पण घोडीविषयी कुणी विचारलं की त्यांना राहवायचं नाही. हरभरे किती, भरडा किती, गूळ किती, सगळं सांगितलं. आणि शेवटी, घराण्याचा मोठेपणा दाखवावा तसं, उपासाचं सांगितलं.

डॉक्टरांची नजर खुंटीकडं गेली.

"काका, घोडी उपास करते?"

"करती. आजवर एकबी मोडला न्हाई तिनं."

"मग ते खुंटीवर मुसकं कशाला आहे?"

मामंजी खुंटीकडं बघतही नव्हते. डॉक्टरांनी मग शांतपणे समजावून सांगितलं. घोड्याचं जठर लहान असतं, आणि खाल्लं न खाल्लं तरी त्यात दिवसरात्र आंबट पाणी सुटतच असतं. देवानंच त्याला सारखं चरत राहायला घडवलंय. पोटात चारा असला की ते पाणी चाऱ्यावर पडतं. पोट रिकामं असलं की ते जठरालाच जाळतं, आणि मग आत जखमा होतात. माणूस निदान ओकून मोकळा होतो, घोड्याला ओकताही येत नाही. हिच्या जठरात तशा जखमा झाल्यात असं मला वाटतंय, म्हणाले.

"वाटतंय म्हंजे?" मामंजींनी नेमका शब्द पकडला. "खात्री न्हाई तुमची?"

"खात्री करायची तर नाकातून नळी घालून आत कॅमेऱ्यानं बघावं लागतं. ते यंत्र इथं नाही, घोडीला मुंबईला न्यावं लागेल. आणि नळी घालायच्या आधी रात्रभर तिला उपाशी ठेवावं लागतं."

मामंजी हसले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू. "म्हंजे तुमच्या शास्त्रालाबी उपास लागतोच की, डागदर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. एकदाच लागतो, म्हणाले, आणि तोही तिला बरं करायला. पण या अवस्थेत उपाशीपोटी ट्रकात घालून तिला एवढ्या लांब न्यावं असं त्यांना वाटत नव्हतं.

"मी म्हणतो, तपासणीच्या मागं लागू नका. तेच दुखणं आहे असं धरून उपचार सुरू करा. महिनाभर औषध, आणि गव्हाण कधी रिकामी राहू द्यायची नाही. औषध लागू पडलं तर तीच खात्री."

त्या शेवटच्या वाक्यावर मामंजींचा चेहरा पडला. मी अगदी समोर होते, मला स्पष्ट दिसलं. मला वाटलं, गावाला भ्याले. घट बसेपर्यंत मी तसंच धरून चालले.

मामंजी म्हणाले, औषध द्या, औषधाला माझी ना नाही, पण उपास थांबायचा नाही. डॉक्टर म्हणाले, मग औषध देऊन उपयोग नाही, एका हातानं विझवायचं आणि दुसऱ्या हातानं पेटवायचं असं होईल. आणि घट बसल्यावरचे उपास हिला झेपणार नाहीत. जखम आरपार गेली, जठर फुटलं, तर मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. त्यावर मामंजी नको ते बोलले. म्हणाले, आमच्या देवाचं तुम्हाला काय कळणार.

डॉक्टर बॅग आवरत होते. ते थांबले. "आमच्यातही रोजे असतात, काका. मी स्वतः धरतो. घोड्याला कुणी धरायला लावत नाही."

औषधाच्या पिचकाऱ्या त्यांनी माझ्या हातात दिल्या, मामंजींच्या नाही. माणसाला पित्तावर देतात त्याच जातीचं औषध, पण घोड्याच्या मापाचं. रोज सकाळी जिभेच्या मागं सोडायचं. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, ही लोळायला लागली, घामाघूम झाली तर काही खायला न घालता मला बोलवा. पण नुसती पायानं जमीन उकरत असेल, दात खात असेल, तर पोटात थोडं थोडं हिरवं जाऊ द्या.

औषध मी सुरू केलं. मामंजी बघायचे आणि मान फिरवायचे. मी आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला एकदा तुमच्या वडिलांशी. हे साखर कारखान्यावर सगळ्यांशी भांडून यायचे, युनियनमध्ये त्यांचा आवाज मोठा, पण बापापुढं उभे राहिले की तोंडात मूग. आबांचं मन मोडवत नाही, म्हणाले. मी विचारलं, आणि घोडीचं पोट मोडलं तर? त्यावर हे उठून अंगणात गेले.

डॉक्टर येऊन गेल्याची बातमी देवळापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पंच कमिटीचे दाजीबा खैरे आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं. ह्या माणसाला मी कधी कुणाच्या घरी उगाच आलेला बघितला नव्हता. म्हणाले, आटोळे, ऐकलं ते खरं का? उपास मोडायचा विचार आहे म्हणे सुनेचा. मामंजी म्हणाले, आपल्या घरात सुनेच्या विचारानं काही होत नाही. दाजीबांचं समाधान झालं. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ते अगदी मायेनं बोलले:

"आन जनावर जायचंच आसंल तर देवाच्या दिसांत जाऊ द्या. सोनं हुईल त्येचं. तुमच्या घरची तीन गेली तशीच की. पुढल्या साली नवं घेऊ."

मी दारामागं होते, ती पुढं आले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. तुमच्या घरात कुणी आजारी पडलं की तालुक्याची गाडी बोलावता, तेव्हा नाही म्हणत सोनं होऊ दे म्हणून. दाजीबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मामंजींकडं बघून म्हणाले, लगाम घोडीला हाय, घरात न्हाई वाटतं. आणि निघून गेले. मामंजींनी मला आत जा म्हटलं नाही, रागावले नाहीत. ओट्यावर तसेच बसून राहिले.

ती तीन म्हणजे हंबीर, पाखऱ्या आणि लाडी. शेवंताच्या आधीचे देवाचे घोडे. मी त्यातल्या एकालाही पाहिलं नव्हतं. देवळामागं त्यांच्या समाध्या आहेत, चुना दिलेल्या. मामंजी दर रविवारी त्यांवर भंडारा वाहायचे, आणि वाहून आले की बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. तिघंही घट बसलेले असतानाच गेली होती. देवानं आपल्या दिवसांत बोलावून घेतलं, असं मरण माणसालाही येत नाही, असं गाव म्हणायचं. ते मी किती वेळा ऐकलं होतं. पण दाजीबा बोलून गेले आणि मला प्रथमच त्यातलं जे समजायचं ते समजलं. तिघं. तिघंही उपासाच्या दिवसांतच.

घट बसले. मामंजींनी सकाळी आंघोळ करून ओल्यानंच शेवंताला मुसकं बांधलं, वर माळ गुंडाळली. औषध मी त्याच्याआधी देऊन घेतलं होतं. घरात सगळ्यांचेच उपास. दुपारी मी भगर निवडत होते आणि पागेतून आवाज यायला लागला, खूर जमिनीवर घासल्याचा. घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. जाऊन बघितलं तर शेवंता पुढच्या पायानं फरशी उकरत होती. मुसक्याच्या काथ्यातून भिंत चाटायला बघत होती आणि जमत नव्हतं म्हणून काथ्याच चावत होती. तोंडाच्या कडेला फेस आला होता. अंगाला घाम नव्हता, लोळत नव्हती. मी परसात धावले, हिरव्या लसूणघासाची पेंढी कवेत घेतली आणि परत आले.

पागेच्या दारात मामंजी आडवे उभे होते. अनवाणी, कपाळभर भंडारा, उपासानं ओठ सुकलेले.

"सरका मामंजी."

"आरती झाल्याबिगर न्हाई."

"आरतीपर्यंत ती राहणार नाही."

"ऱ्हाईल. देव हाय."

मग मी बोलले. इतकी वर्षं जे गिळलं होतं ते सगळं बोलले. देव भावाचा भुकेला म्हणतात, तो जनावराच्या भुकेचा भुकेला कधीपासून झाला, म्हणून विचारलं. उपास करायचा तर स्वतःचा करावा, दुसऱ्याचं तोंड बांधून पुण्य कसलं मिळवता? तिनं नवस बोलला होता का? तिला देवळात मान हवा होता का? शेजारच्या भिंतीवरून डोकी वर यायला लागली होती. आमचे हे मागच्या दारातून येऊन अंगणात उभे राहिले होते. मी थांबले नाही. म्हटलं, तुम्हाला घोडीची पर्वा नाही, तुम्हाला त्या दाजीबाची पर्वा आहे. मान जाईल याची भीती वाटतेय तुम्हाला.

"मान गेला चुलीत," मामंजी म्हणाले.

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी पेंढी धरून तशीच उभी राहिले.

"मग कशाची भीती वाटते?"

"त्यो डागदर काय म्हनला? औषिध लागू पडलं तर तीच खात्री." ते माझ्याकडं बघत नव्हते, पेंढीकडं बघत होते. "ही मेली तर देवानं नेली, पोरी. पर ही खाऊन बरी झाली तर मग हंबीरला काय झालं हुतं? पाखऱ्याला? लाडीला? त्यास्नी मुसकं मीच बांधलं हुतं. ह्याच हातानं. ही जगली तर ते तिघं मी मारले."

कुणी म्हणेल, तुला तेव्हा त्यांची दया आली असेल. नाही आली. खरं सांगते, एवढीशीसुद्धा नाही आली. मला दिसलं ते इतकंच, की स्वतःच्या हातावर डाग दिसू नये म्हणून हा माणूस चौथं जनावर मारायला तयार आहे. आणि ते जनावर माझं होतं.

"मारलेच तुम्ही," मी म्हणाले. "आता हिला मारू नका."

त्या घरात सुनेनं सासऱ्याला असं बोललेलं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हात उठेल. उठला असता तरी मी हलले नसते. पण मामंजी चौकटीला धरून हळूहळू खाली बसले, उंबऱ्यावर, आणि अंग चोरून त्यांनी मला वाट दिली.

मुसक्याची गाठ फेसानं भिजून घट्ट झाली होती. नखं तुटली तरी सुटेना. मग मागून आमचे हे आले, खिशातला चाकू काढला आणि गाठ कापून टाकली. माळ खाली पडली. मी घास मूठ मूठ करून तिच्या तोंडाशी धरला. पहिली मूठ तिनं हुंगली, घेतली नाही. दुसरीही नाही. तिला वाटत असणार, खाल्लं की दुखतं. मी तिच्या कानाशी बोलत राहिले, काय बोलले ते आता सांगता येणार नाही, शिव्याच जास्त होत्या आणि त्या तिला नव्हत्या. मग तिनं एक काडी ओढली. मग दुसरी.

तोवर गाव गोळा झालं होतं. दाजीबाही आले. बाहेर कुणीतरी म्हणालं, देवाच्या दिवसांत हे काय चालवलंय आटोळ्यांनी. आमचे हे चाकू हातात तसाच घेऊन दारात जाऊन उभे राहिले. घोडी आजारी आहे, ती खाणार, ज्याला बघवत नसेल त्यानं घरी जावं, एवढंच म्हणाले. बापासमोर ते इतकं बोलले, हेच मला पुष्कळ झालं. गर्दी पांगली.

त्या चंपाषष्ठीला पालखीपुढं दुसऱ्या गावचा घोडा आणला. आमच्या दारावरून वाजतगाजत नेला मुद्दाम. लोक महिनाभर आमच्याकडं विस्तव मागायलासुद्धा आले नाहीत. घोडी आता बघा, पंधरा दिवसांत मरते, असं बाया पाणवठ्यावर मला ऐकू येईल असं बोलायच्या. कावळ्याच्या शापानं गाई मरत नाहीत, मी म्हणायचे, आणि घोड्याही मरत नाहीत.

शेवंता मेली नाही. आठवड्याभरात जांभया थांबल्या. मग दात खायची थांबली. मग एक दिवस हरभऱ्याची पाटी तिनं तळापर्यंत चाटून पुसून रिकामी केली आणि आणखी पाहिजेत म्हणून पाटी नाकानं ढकलली. अंगावरची राठ लव गळून मऊ पांढरी यायला लागली. आणि तिच्या चाऱ्याचं सगळं मामंजी बघायला लागले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे उठून कडबा टाकायचे, दुपारी घास, संध्याकाळी पुन्हा गव्हाण चाचपून बघायचे. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हते. मीही बोलत नव्हते. घोडी जसजशी भरत होती तसतसा म्हातारा वाळत होता. माझा राग काही निवत नव्हता. ताटात वाढायचे ते ताट आपटूनच.

महिना झाल्यावर डॉक्टर आले, रविवार होता तरी आले. शेवंताभोवती फिरले, बरगड्यांवर हात फिरवला, पोटाखाली तंग घेऊन आवळून बघितला. तिनं नुसती शेपटी हलवली. डॉक्टर खूश झाले. आता शंका राहिली नाही, म्हणाले, जखमाच होत्या, अजून थोडे दिवस औषध द्या आणि उपास कायमचा विसरा. मी त्यांना चहा आणून दिला.

मामंजी गव्हाणीपाशी उभे होते. "डागदर, येक इचारू?"

"विचारा की काका."

"ह्या दुखन्यानं जनावर जातं तवा लई तरास हुतो का त्येला?"

डॉक्टरांना वाटलं, म्हातारा अजून शेवंताच्या काळजीत आहे. ते हसून म्हणाले, आता कुठं जातेय ही, अजून दहा-पंधरा वर्षं काही होत नाही हिला. मामंजी हसले नाहीत. हलले नाहीत. उत्तराची वाट बघत राहिले.

इतके दिवस ज्या माणसाचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती, त्याच्यासाठी मी मध्ये का पडले कोण जाणे. पण पडले. "डॉक्टर, चहा निवतोय," मी म्हणाले. "आत चला, बसून घ्या."

"बोलू दे त्यास्नी," मामंजी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. त्यांना काहीतरी उमगलं असावं. कपबशी त्यांनी ओट्यावर ठेवली.

"होतो, काका. फार होतो."

मामंजींनी मान हलवली. डॉक्टर चहा तसाच ठेवून निघून गेले. फटफटीचा आवाज वेशीपलीकडं जाईपर्यंत मामंजी उभे होते. मग माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे कोरडे होते आणि लाल होते.

"झालं तुझं समाधान?"

महिनाभर मी या माणसाला द्यायची उत्तरं जुळवून ठेवली होती. डॉक्टरांची कपबशी उचलायला गेलेला हात मी मागं घेतला.

"नाही," मी म्हणाले.

"मग बस हितं."

मी उंबऱ्यावर बसले. ते गव्हाणीला टेकले. शेवंता त्यांच्या मागं कडबा चावत होती.

"हंबीर सकाळपासनं भितीला कपाळ लावून हुबा हुता," ते म्हणाले, "आन मी गावाला बोलवून बोलवून दाखवत हुतो, बघा, कसा देवाचं ध्यान करतोय."